सासूबाईंसाठी सांबरशिंग

या, या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत डुलकी लागेल, आणि शेवटी शेजाऱ्याला कोपराने ढोसून "काय झालं हो?" म्हणून विचाराल. हा अनुभव मी प्रत्येक कीर्तनात घेतलेला आहे, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी ढोसणारा मीच असतो. तेव्हा मांडी सैल करा आणि फोन पालथा ठेवा. एका सज्जन, पापभीरू गृहस्थाला कॅनडातल्या एका शेतात ओल्या बर्फावर दोन तास का बसावं लागलं आणि तिथून उठताना त्याचं काय झालं, ती हकिकत सांगतो. गृहस्थ अर्थातच मी.

नाव नंदन खांबेटे. कॅनडातल्या कनाटा गावात एका टेलिकॉम कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो. संध्याकाळी घरी आलो की माझी बायको सुनेत्रा माझ्या कामातल्या काढते. निसर्गाचा तोल असाच राखला जातो. मला व्यसन एकच, कीर्तनाचं. बर्फ शोव्हल करतानासुद्धा माझ्या कानात कीर्तन चालू असतं. एकदा आख्यान असं काही रंगलं की भानावर आलो तेव्हा शेजारच्या रॉजरचाही ड्राइव्हवे साफ झालेला होता. रॉजरला वाटलं हा आमचा एखादा सण असावा. पुढच्या बर्फाला तो दारात कॉफी घेऊन उभा, "हे पुन्हा कधी असतं?"

अशा माणसाला देवाने सासू कोणती द्यावी? कीर्तनकार! आनंदीबाई, मिरजेच्या. उंची जेमतेम पाच फूट, नऊवारी, हातात झांज, आणि आवाज असा की मांडववाला माइकचं बोलायला लागला तर त्या म्हणायच्या, "तो तबलजीला द्या, त्याला गरज आहे." एक्कावन्न वर्षं गावोगाव उभ्या राहून कीर्तनं केली. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीकडे न बघता कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघत होतो, असं सुनेत्रा आजही चारचौघांत सांगते. मी ते नाकारत नाही. मुलगी चांगली असणारच, हे तंबोऱ्यावरून कळत होतं.

तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी आई, म्हणजे सासूबाई, पहिल्यांदा कनाट्याला आल्या, जानेवारीत. आमच्या मराठी मंडळात आनंदाची लाट आली. त्या वर्षी रामनवमी नेमकी रविवारी येत होती. ही केवढी मोठी कृपा, ते भारतातल्यांना कळायचं नाही. एरवी आमचे सगळे देव शनिवारी, हॉल मिळेल त्या वेळेला जन्म घेतात. कम्युनिटी सेंटरचा फॉर्म मी भरला. कार्यक्रमाचं स्वरूप या रकान्यात 'जन्मसोहळा, दुपारी बारा' असं लिहिलं, तर तिथल्या बाईंचा फोन, "सर, होणाऱ्या आईसाठी अँब्युलन्सची व्यवस्था तुम्ही करणार की आम्ही?" त्यानंतर समितीत पाऊण तास वाद. मार्चमध्ये इथे घड्याळं तासभर पुढे सारतात, म्हणजे सूर्याचे बारा एकला वाजतात. मग रामजन्म कुठल्या बाराला? अध्यक्षा यामिनीताईंनी निकाल दिला, "हॉलच्या घड्याळात बारा, तेव्हा बारा. दीड वाजता झुंबावाल्या येतायत."

सगळं ठरलं, आणि तीन आठवडे आधी आईंचा आवाज गेला.

बर्फ पडताना कसं दिसतं ते बघायला त्या मागच्या अंगणात टोपीशिवाय उभ्या राहिल्या होत्या. ताप चार दिवसांत उतरला, कफ मात्र छातीत मुक्कामाला राहिला, आणि आवाज जो गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाल्या, "बोलू नका. वेळ लागेल. या वयात पूर्वीसारखा येईलच असं सांगता येत नाही." शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या, पण आईंचे कान शाबूत होते.

तेव्हापासून आई फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलू लागल्या. फळ्यावर आधीच आमची यादी होती: दूध, कोथिंबीर, विंटर टायर काढणे. त्याखाली एका सकाळी सुबक अक्षरात आलं: 'सांबरशिंग.'

नव्या पिढीसाठी सांगतो. आपल्याकडे जुन्या घरांत सहाणेशेजारी सांबराच्या शिंगाचा एक तुकडा असायचा. कफ दाटला, बरगडी धरली, की ते पाण्यात उगाळायचं आणि कोमट लेप छातीवर द्यायचा. आईंच्या घरचा तुकडा त्यांच्या आजेसासऱ्यांपासूनचा. तो मिरजेलाच राहिला होता, कारण असली वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि आई कायदा मोडत नाहीत.

सुनेत्रा फार्मसीत काम करते. ती म्हणाली, "आई, असल्या लेपांनी गळा सुटत नाही. वाफ घे आणि गप्प बस."

आईंनी लिहिलं: 'गप्पच आहे.'

आणखी चार दिवस गेले. मी सकाळी दूध काढायला फ्रिजपाशी गेलो तर फळ्यावर: 'समितीला कळवा. कीर्तन रद्द. आता पुरे.'

"आई, पुरे म्हणजे... यंदापुरतं ना?"

त्यांनी खडूऐवजी मार्कर धरायची अजून सवय नसलेल्या हाताने लिहिलं: 'कायमचं. आवाज गेला की कीर्तनकाराने झांज खाली ठेवावी. लोकांच्या दयेवर उभं राहू नये.' जागा संपत आली तसं अक्षर बारीक होत गेलं आणि 'दयेवर' हा शब्द कोथिंबिरीवर चढला. एक्कावन्न वर्षं कोथिंबिरीपाशी येऊन संपताना मला बघवेना.

"समितीला मी काहीही कळवत नाही," मी म्हणालो. "सांबरशिंग आणतो मी. शब्द देतो." आणि काही उत्तर यायच्या आत मी जोडे घालून घराबाहेर पडलोसुद्धा. असे शब्द देऊन झटकन निघून जाण्यात जी शोभा असते ती थांबण्यात नसते. ड्राइव्हवेवर पोचल्यावर लक्षात आलं की कॅनडात सांबर नसतात.

पण हरणं असतात! कनाट्यात तर ट्यूलिप खायला दारापर्यंत येतात. हरीण काय, सांबर काय, एकाच घराण्यातले. हा माझा शोध मी संध्याकाळी जाईला, माझ्या युनिव्हर्सिटीतल्या मुलीला, अभिमानाने सांगितला. ती म्हणाली, "डॅड, यू आर स्केअर्ड ऑफ स्क्विरल्स."

दुसऱ्या दिवशी लंचला मी भगवान गजभियेला गाठलं. भगवान आमच्या हार्डवेअर टीममध्ये, नागपूरचा, इथल्या आंबेडकर असोसिएशनचा खंदा कार्यकर्ता, आणि शनिवार-रविवार गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघणारा. मी त्याला हळूच विचारलं, "भगवान, हरणाचं शिंग मिळवायचं तर हरणाला... म्हणजे, त्याला काही न करता...?"

"नंदनभाऊ, काय करून राहिले तुम्ही?" त्याने डबा बाजूला ठेवला. सगळं ऐकून म्हणाला, "तुमच्या लेपावर आपला काही भरोसा नाही, आधीच सांगून देतो. पण हरणाला काही करायची गरजच नाही ना! नराची शिंगं दर हिवाळ्यात आपोआप गळून पडतात. ना दुखत, ना खुपत. बर्फ वितळलं की रानात पडलेली दिसतात."

हरणाची शिंगं गळतात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. माझा समज ती दातांसारखी असतात असा होता. पण केवढी सोय केलीय बघा देवाने! कुणाला न दुखवता, कुणाकडे न मागता, जमिनीवर पडलेलं उचलायचं. मला तर तिथे कॅफेटेरियातच गहिवरून आलं. भगवान म्हणाला, "भाऊ, सूप सांडून राहिलं."

यानंतर एक चूक केली. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, "गळलेलं शिंग कुठे मिळेल?" नऊ मिनिटांत एकोणचाळीस सल्ले. एकीने ज्येष्ठमध सुचवलं, एकाने आपल्या मेव्हण्याचं ट्रकिंगचं कार्ड टाकलं. रॉजरने कुंपणावरून केशरी जाकीट दिलं, शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये म्हणून. शिकारीचा हंगाम केव्हाच संपलेला होता, पण जाकीट चांगलं होतं. आणि आमचा तबलजी देवेश घरी येऊन लॅपटॉप उघडून बसला.

"नंदनकाका, सोप्पं आहे. एका झाडाला तारेची जाळी बांधायची, आत मका ठेवायचा. हरीण मका खायला मान घालणार, शिंग अडकणार, हिसका देणार, खटॅक! डिलिव्हरी."

"आणि मान अडकली तर?"

"तो एज केस आहे, काका."

मी टेस्टर माणूस. एज केसवरच, म्हणजे सहसा न घडणाऱ्या प्रसंगांवरच, माझं आयुष्य गेलं. म्हणालो, "देवेश, जे शिंग मिळवायला एखाद्या मुक्या जिवाच्या गळ्याला तार लागायची, ते उगाळून कुणाच्या गळ्यातून रामाचं नाव निघणार आहे? लॅपटॉप मिट आणि पोहे खा." या वाक्यावर मी स्वतःच इतका खूष झालो की दिवसभर ते मनात घोळवत होतो.

मग रीतसर मार्ग. गावाभोवतीच्या सरकारी रानाच्या ऑफिसला फोन केला. जखमी प्राण्यासाठी एक दाबा, आक्रमक प्राण्यासाठी दोन, मेलेल्यासाठी तीन. माझ्या प्राण्याला काहीच झालेलं नव्हतं, त्यामुळे मला बटण नव्हतं. मी दोन दाबलं. तिथले गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "सर, शांत राहा. हरीण आत्ता तुमच्यासोबत आहे का?"

"नाही. मला फक्त त्याचं शिंग पाहिजे."

"सर, हरणाला हे माहीत आहे का?"

मी गळलेलं, पडलेलं, टाकून दिलेलं असं तीन प्रकारे समजावलं. तेव्हा त्यांनी सौजन्याने सांगितलं की सरकारी रानातून दगड, फूल, पान, शिंग, काहीही उचलता येत नाही. रानातल्यांना त्याचा उपयोग असतो. खाजगी जमीन असेल तर मालकाची परवानगी घ्या. आणि आपलं नाव काय म्हणालात? मी फोन ठेवला. रामनवमीला नऊ दिवस उरले होते आणि आई आता फळ्यावरही फारशा लिहीत नव्हत्या. जेवताना नुसती मान हलवायच्या. ज्या माणसाच्या आवाजाने घर भरायचं, त्याची मान हलताना घर केवढं मोठं वाटतं!

मार्ग पुन्हा भगवाननेच काढला. तो कार्प गावाच्या पुढे एका शेतावरून अंडी आणतो. मालकीण डोरीन, पंचाहत्तरीची, उंच, रबरी बूट घातलेली. शनिवारी सकाळी आम्ही तिच्या ओट्यावर उभे राहिलो. मी भाषण पाठ करून गेलो होतो. डोरीनबाईंचं इंग्रजी मी मराठीतच सांगतो, त्यांची हरकत नसावी.

"शिंगं न्यायला आलात?" त्या म्हणाल्या. "देव भलं करो! सगळी न्या. दर वसंतात ट्रॅक्टरचं टायर फोडतात मेली. उचलणारं माणूस आता राहिलं नाही घरात."

माझं भाषण फुकट गेलं. सरकार रानातलं पानसुद्धा उचलू देईना, आणि इथे शिंग काट्यासारखं नकोसं झालेलं! पण डोरीनबाईंनी बोट वर केलं. "एकच अट. हरणं दिसली तर तिथेच खाली बसायचं, आणि ती आपणहून जाईपर्यंत उठायचं नाही. हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या अंगावर काही उरलेलं नसतं. तुम्हाला बघून पळाली तर तेवढ्यानेही एखादं मरतं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. मला वाटलं, पाच-दहा मिनिटांचा प्रश्न.

रान आणि शेत यांच्या मधल्या पट्टीवर आम्ही शोधायला लागलो. कुठे गुडघाभर बर्फ, कुठे चिखल, कुठे बर्फासारखा दिसणारा चिखल. दूरची प्रत्येक फांदी शिंगासारखी दिसत होती. मी सात फांद्या, एक सायकलचं हँडल आणि एक जुना नळ एवढं हर्षभराने उचललं. तेवढ्यात भगवानने माझी बाही ओढली. समोर, पन्नास पावलांवर, सहा हरणं.

आम्ही खाली बसलो. म्हणजे भगवानने बॅगेतून घडीचं स्टूल काढलं आणि तो बसला. मी बर्फावर टेकलो. पक्षी बघणारे किती दूरदृष्टीचे असतात ते तेव्हा कळलं.

हरणं चरत होती. मध्येच मान वर करून माझ्याकडे अशी बघत होती, जशी इंटरव्ह्यूला पॅनेलवरची माणसं बघतात. अर्धा तास झाला. माझ्या पँटीतून कॅनडा आत यायला लागला. तास झाला. मी मनात नाम घ्यायला सुरुवात केली, आणि नेमका सुनेत्राचा फोन आला. माझ्या फोनची रिंगटोन म्हणजे झांजांसह दणदणीत नामगजर! फोन आतल्या खिशात, वर स्वेटर, वर रॉजरचं जाकीट, हातांत मोजे. भगवानने डोळे मिटून घेतले. सहाही हरणांनी कान ताठ केले. गेलं, मी म्हटलं, आपल्यामुळे एखादं मरणार आता! पण गजर संपेपर्यंत ती नुसती ऐकत राहिली, आणि एक तर चक्क खाली बसलं. इतकं शिस्तीचं श्रोतृमंडळ मी आयुष्यात पाहिलं नाही. एकही खोकलं नाही, एकही मध्येच चपला शोधायला उठलं नाही.

"आता ते बसलं म्हणजे अजून तासभर," भगवान कुजबुजला.

दोन तासांनी ती आपल्या पावलांनी रानात शिरली. मी उठलो. म्हणजे माझा वरचा अर्धा भाग उठला. पाय केव्हाच झोपले होते. दोन पावलं मागे झोकांडलो आणि धपकन बसलो. त्यानंतर मी जो आवाज काढला तो मिरजेपर्यंत गेला असावा.

"भाऊ, हलू नका!" भगवान धावत आला, खाली वाकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "सापडलं ना!"

चार टोकांचं, हातभर लांब, अगदी सुरेख शिंग होतं. त्यातलं एक टोक माझ्यात होतं.

क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरची मुलगी फॉर्म भरत होती. "इजा कशाने झाली? वाहन, पडणं, प्राणी, इतर?"

"पडणं. प्राण्यावर."

"प्राण्याने हल्ला केला?"

"नाही, प्राणी तिथे नव्हता."

"मग कुठे होता?"

"माहीत नाही. तो जानेवारीतच सोडून गेला."

तिने सहानुभूतीने माझ्याकडे बघितलं. "त्याला रेबीजची लस दिलेली होती का?" शेवटी फॉर्मवर तिने लिहिलं: 'अ‍ॅनिमल, अ‍ॅब्सेंट.' टिटॅनसचं इंजेक्शन आणि तीन टाके. वर दैव असं की मागच्या खुर्चीवर साक्षात यामिनीताई सर्दीसाठी बसल्या होत्या. मला टाके पडायच्या आत ग्रुपवर मेसेज: 'नंदनरावांना लवकर आराम पडो. जखम कुठे आहे ते कृपया कोणी विचारू नये.' त्यावर त्रेसष्ट जणांनी हात जोडले होते. आठ जणांनी विचारलंच.

घरी आलो. भगवान मागून शिंग घेऊन, एखादी पालखी आणावी तसा. आईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, बोटाने चाचपलं, आणि फळ्याकडे वळल्या.

'हे सांबराचं नाही.'

"आई, इथे सांबर नसतो."

'माहीत आहे.'

"माहीत आहे? मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

'लिहिलं होतं. "इथे सांबर कुठून?" तुम्ही वाचायला थांबलात कुठे?'

मी तीन टाक्यांनिशी उभा होतो. सुनेत्राने पदर नसल्यामुळे तोंडावर टॉवेल धरला. माझा अपमान पूर्ण झालाय असं वाटत असतानाच आईंनी आणखी लिहिलं: 'कसं मिळालं ते सांगा. पहिल्यापासून.'

बसता येत नव्हतं, म्हणून मी उभा राहूनच सांगायला लागलो. रागाने सुरुवात केली, पण एक्कावन्न वर्षं गोष्टी सांगणारी बाई समोर गोष्ट ऐकायला बसली की राग टिकत नाही. बटण दाबायचा प्रसंग झाला, स्टूल झालं, फोन वाजला, हरीण खाली बसलं. मी झोकांडीची जागा अभिनयासह करून दाखवली, आणि तेवढ्यात जुनं दार उघडावं तसा कुरकुर आवाज आला.

आई हसत होत्या. आवाजासकट!

आई स्वतःच दचकल्या. त्यांनी ओठ हलवले, आणि फाटका, वाकडा, जेमतेम वीतभर लांबीचा एक आवाज आला. "हे शिंग... पुन्हा येतं का हो त्याला?" प्रश्न भगवानला होता.

"येते ना, काकू. दरवर्षी. वसंतात नवीन फुटते."

"म्हाताऱ्या हरणाला?"

भगवान खोटं बोलत नाही. "म्हाताऱ्याला लहान येते, काकू. वाकडंतिकडंबी येते. पण येते. तो काही यायचं थांबवत नाही."

"उगाळू का, आई?" सुनेत्राने विचारलं. लेपाच्या विरोधात असलेली ती, स्वतःहून.

आईंनी नकारार्थी मान हलवली. शिंग मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवला. मग उठल्या, टाचा उंच करून सगळा फळा पुसला, आणि लिहिलं: 'समितीला काही कळवू नका. कीर्तन आहे.'

रामनवमीला हॉलमध्ये दीडशेच्या वर माणूस. आईंना हार घातला, बुक्का लावला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माइक जवळ ओढला. पहिला सूर लावला आणि तो मध्येच चिरला. माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेल्या सुनेत्राने माझा हात इतका घट्ट धरला की मी मूळ जखम विसरलो.

आई थांबल्या. दीडशे माणसांकडे बघून हसल्या. "ऐकलंत? हे माझं या वर्षीचं शिंग. वाकडं फुटलंय." आणि मग बोलायलाच लागल्या. "हरीण आपला मुकुट दरवर्षी जमिनीवर ठेवतं आणि मागे वळून बघत नाही, महाराज. पुढचा केवढा येईल, आधीसारखा येईल का, असं देवाला विचारत बसत नाही. आम्ही मात्र एक सूर गळाला की रडतो. आता माझा सूर अर्धाच आहे. उरलेला अर्धा तुम्ही लावायचा. इथे दया नको कुणाची, आवाज पाहिजे!"

असा गजर झाला, सांगतो, की सेंटरच्या ऑफिसातल्या त्या अँब्युलन्सवाल्या बाई येऊन दारात उभ्या राहिल्या. आई अर्धी ओळ टाकायच्या आणि हॉल ती उचलायचा. देवेशचा तबला तर काय लागला होता! तार-बीर सगळं माफ केलं मी त्याला. आणि मग दृष्टांत आला. "एक जावई होता..." आई म्हणाल्या, आणि दीडशे डोकी एकदम मागे वळली, कारण त्या हॉलमध्ये भिंतीशी उभा असलेला माणूस एकच होता. आख्यानात आपलं नाव यावं ही प्रत्येक कीर्तनवेड्याची सुप्त इच्छा असते. माझी पूर्ण झाली. अवयवासकट. हॉलच्या घड्याळात बारा वाजले, पाळणा हलला, आणि सासूच्या वाकड्या आवाजात रामजन्म ऐकताना मला माझ्या प्रतिष्ठेची आठवणसुद्धा झाली नाही.

भगवानने डोरीनबाईंना आणलं होतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर, चर्चला घालायच्या कोटात. जाई शेजारी बसून त्यांच्या कानात भराभर इंग्रजीत सांगत होती, कुणी न सुचवता, आपणहून. सगळं संपल्यावर सुंठवड्याची पुडी हातात धरून त्या आईंपाशी आल्या.

"माझा नवरा अर्ल चाळीस वर्षं चर्चमध्ये गायला," त्या म्हणाल्या. "मग आवाज चिरायला लागला. लोक हसतील म्हणून त्याने गाणं सोडलं. शेवटची पाच वर्षं रविवारी नुसते ओठ हलवायचा. शेतात शिंगं गोळा करताना एकटा असला तर गायचा, मी खिडकीतून ऐकायची. छान गायचा हो. त्याला कुणी सांगितलंच नाही, की अर्धं त्याने गायचं आणि अर्धं आम्ही."

जाईने ते मराठीत सांगितलं, तिचं मराठी मोडकंतोडकं, पण एकही शब्द सुटला नाही. आईंनी डोरीनबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. त्या दोघी कुठल्या भाषेत बोलत होत्या मला माहीत नाही, मी जवळ गेलो नाही.

आई आता मिरजेला आहेत. एकादशीला कीर्तन करतात, माइक लावून. पुढच्या वसंतात मी आणि भगवान पुन्हा कार्पला जाणार आहोत, शिंगं उचलायला, डोरीनबाईंच्या टायरसाठी. या वेळी माझंही स्टूल घेतलंय.

तेव्हा मंडळी, आता उठा, पाय मोकळे करा. पण एवढं मागणं आहे. कुठे कीर्तनाला बसाल आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची वेळ येईल, तेव्हा गळा कसाही असू दे, नुसते ओठ हलवू नका. मोठ्याने म्हणा, आणि त्यातली एक ओळ कार्पच्या अर्लची आठवण ठेवून, त्याच्या वाटची म्हणा.